विशारदाची सनद आणि विद्यापीठाचे दप्तर

संगीताच्या सनदी परीक्षांना पदवीच्या अभ्यासक्रमात श्रेयांकांच्या रूपाने मान्यता मिळावी की नाही, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या विद्वत्सभांपेक्षा पेण आणि रोहा यांसारख्या तालुक्याच्या गावी अधिक निकडीचा आहे. कारण शहरातील विद्यार्थ्यास संगीत हाच मुख्य विषय घेऊन पदवी संपादन करण्याची सोय जवळपास सापडते, परंतु पेणच्या भाऊसाहेब नेने महाविद्यालयात किंवा चिंतामणराव देशमुखांचे नाव धारण करणाऱ्या रोह्याच्या महाविद्यालयात वाणिज्य वा विज्ञान शिकणाऱ्या मुलीने लहानपणापासून नेटाने चालविलेला रियाझ तिच्या शिक्षणाच्या जमाखर्चात रुजू होण्याची वाट सहसा दिसत नाही.

या परीक्षांना मोठी परंपरा आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, ते कोणा संस्थानिकाच्या मेहेरबानीवर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर. १९०८ मध्ये ते कार्य मुंबईस आले, आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस पंडितजींचा देहान्त झाल्यावर त्याच वर्षी त्यांच्या शिष्यपरिवाराने अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. मिरज आणि वाशी येथून ज्याचा कारभार चालतो, त्या मंडळाची परीक्षापरंपरा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद या पायऱ्यांनी चढत अलंकारापर्यंत जाते. गवयाला समाजात प्रतिष्ठेचे स्थान मिळावे हा पंडितजींचा ध्यास होता, आणि क्रमबद्ध अभ्यासक्रम, परीक्षा व प्रमाणपत्र ही त्याच ध्यासाची साधने होती, हे विसरून या परीक्षांना केवळ कागदी म्हणणे अन्यायाचे होईल.

परीक्षेच्या खोलीत काय घडते ते एकदा पाहावे. तंबोरा जुळलेला असतो, तबलजी ठेका धरून असतो, आणि परीक्षक पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीस मध्यमेच्या अभ्यासक्रमातील एखाद्या रागातला बडा ख्याल मांडावयास सांगतात. चार आवर्तने होतात न होतात तोच तिला थांबवून चौतालाची दुगुण हातावर म्हणावयास लावतात, आणि लगेच स्वतः चार स्वर गुणगुणून राग कोणता ते विचारतात. मुलीच्या उजव्या हाताची बोटे टाळी-खाली मोजीत असतात, ओठांवर बोल असतात, आणि समेवर ती नेमकी येते किंवा येत नाही. येथे पाठांतराने थोडा वेळ निभावते. समेवर येण्याचे मात्र अंगवळणीच पडावे लागते.

शासनाने या श्रमांची दखल प्रथम घेतली ती शालान्त परीक्षेत. २०१७ मध्ये निघालेल्या शासननिर्णयांनी शास्त्रीय कला शिकणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्यांना वाढीव गुण देण्याची तजवीज केली: तीन परीक्षा उत्तीर्ण असल्यास १०, पाच असल्यास १५. हेतू स्तुत्यच होता. तथापि पाच परीक्षा म्हणजे मंडळाच्या क्रमाने मध्यमा पूर्ण, आणि तेवढा पल्ला दहावीच्या आत गाठावयाचा म्हणून क्लासांत जी घाई सुरू होते तिचे दुःख कोणाही कळकळीच्या शिक्षकास झाल्यावाचून राहत नाही. दाखल्याची प्रत शाळेच्या कचेरीत दाखल झाली की पुष्कळ घरांत पेटीवर खोळ चढते. गळा तयार होण्याचा जो खरा काळ, त्याच वयात शिकणे थांबते. आणि असे होण्याचे कारण मुलांचा आळस नसून, सवलतीची मुदतच दहावीला संपते हे आहे.

म्हणूनच श्रेयांकांचा मार्ग मला अधिक आशादायक वाटतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम केले. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्गाबाहेर घेतलेल्या संगीतादी कलांच्या शिक्षणालाही, रीतसर मूल्यमापन झाल्यास, श्रेयांक देता येतील असे तत्त्व मान्य केले. आणि त्याच महिन्यातील महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने पदवीच्या रचनेत सहअभ्यासक्रमांसाठी जी जागा ठेवली तीत प्रयोगजीवी कलांचा समावेश आहे. प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक, असा आयोगाचा हिशेब आहे. म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला दोन तास. रोज तासभर तंबोऱ्यापाशी बसणारी विद्यार्थिनी एका सत्रात शंभराहून अधिक तास, अर्थात तीन श्रेयांकांइतके श्रम, कोणाच्या दप्तरी नोंद न होताही करीतच असते.

रोह्याच्या वाचकास येथे एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. ज्या चिंतामणरावांचे बालपण रोह्यात गेले, तेच १९५६ ते १९६१ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. आणि १९५६ च्या ज्या अधिनियमाने आयोगास कायदेशीर रूप आले, त्याच्याच कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांकडे आणि कायद्याने तो ज्यांना दिला त्यांच्याकडेच राहिला. त्यामुळे विशारदास काही ठिकाणी नोकरीपुरते पदवीसमान मानले गेले, तरी ती पदवी ठरत नाही. श्रेयांकांच्या वाटेने हा पेच पुष्कळसा सुटतो, कारण तेथे मंडळाने पदवी द्यावयाची नसून, त्याच्या परीक्षेचे मोल विद्यापीठाने आपल्याच पदवीत धरावयाचे असते. इंग्लंडात १८९० पासून चाललेल्या रॉयल स्कूल्सच्या संगीत परीक्षांपैकी सहाव्या श्रेणीपासून वरच्या परीक्षांचे गुणांक विद्यापीठप्रवेशाच्या वेळी धरले जातात. तेथेही परीक्षा घेणारी संस्था विद्यापीठ नव्हे.

मात्र एक तजवीज आरंभीच व्हावी, अन्यथा पेण-रोह्याच्या बाबतीत ही योजना अर्धीच राहील. या तालुक्यांतील खेड्यांत संगीत टिकले ते मुख्यत्वे भजनी मंडळांनी आणि हरिनाम सप्ताहांनी. देवळात रात्र-रात्र पखवाज वाजविणारा, पावसाळ्यात पेण-हमरापुराकडे गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारा तरुण अनेकदा एकही परीक्षा दिलेला नसतो, आणि चौतालाची दुगुण मात्र तो ज्या सफाईने वाजवितो ती प्रमाणपत्रधारकास सहज साधत नाही. अशा वादकास केवळ दाखला नाही म्हणून दारातून परत पाठविणे मला मुळीच मान्य नाही. पखवाज हा मंडळाच्या परीक्षांतील विषय आहेच. नोव्हेंबर-डिसेंबरचे परीक्षासत्र मूर्तींचा हंगाम सरल्यावर येते, हीही सोय आहे. तेव्हा महाविद्यालयाने मंडळाच्या परीक्षकास वर्षातून एकदा गावी पाचारण करून, ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे त्याचे आणि ज्याच्याकडे नाही त्याचेही वादन समोर बसून ऐकावे, दोघांना एकाच कसोटीने श्रेयांक द्यावेत, आणि प्रवासखर्चाचा व मानधनाचा बोजा विद्यार्थ्यांच्या शुल्कावर न टाकता संस्थेने उचलावा.