सोळाव्या वर्षानंतर या मुलांकडे पाहायचे कोणी?

गेल्या महिन्यात एका वाचकाचे पत्र आले. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. बौद्धिक अक्षमता आहे, तालुक्याच्या विशेष शाळेत जातो. पुढच्या वर्षी शाळेतून नाव कमी होणार. ते विचारतात, "डॉक्टर, त्यानंतर त्याला कोठे पाठवायचे, आणि हे पाहण्याचे काम नक्की कोणाचे?" उत्तर टपालाने देता आले असते, पण हाच प्रश्न घेऊन निरनिराळ्या गावांचे पालक दवाखान्यात येतात. म्हणून या आठवड्यात औषधापेक्षा कायद्याची माहिती जरा जास्त आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या सर्व मुलांना मोफत शिक्षण दिले. १९ एप्रिल २०१७ पासून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू झाला. त्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी ही मर्यादा १८ वर्षांपर्यंत गेली. येथवर बहुतेक पालकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते याच कायद्यातले कलम १६ आणि १७. या कलमांत जबाबदारी एकट्या राज्य सरकारवर टाकलेली नाही. स्थानिक प्राधिकरण, म्हणजे आपली नगरपालिका आणि पंचायत, यांचेही नाव त्यात स्पष्ट आहे. त्यांनी मान्यता दिलेल्या किंवा अनुदानित संस्थांनी या विद्यार्थ्यांना इतरांबरोबर शिकता येईल अशी व्यवस्था करावी, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलती मिळाव्यात, असे तेथे लिहिले आहे. मोफत पुस्तके व साधने अठरापर्यंतच. पण या बाकीच्या गोष्टींना वयाची अट घातलेली नाही.

मग अडते कोठे? माझ्या मते यादीत. याच कलम १७ मध्ये दर पाच वर्षांनी दिव्यांग मुलांचे सर्वेक्षण करण्यास सांगितले आहे, पण ते शाळेत जाणाऱ्या मुलांचे. दहावीला किंवा त्याआधी पोर घरी बसले की ते या यादीतूनही गेले. सोळा ते पंचवीस वयाची अशी किती मुले आपल्या गावात घरी आहेत, हे ग्रामपंचायतीला विचारून पाहा. अंगणवाडी सेविका चटकन सांगेल, कारण तिला घरे माहीत असतात. कार्यालयाच्या कागदावर तो आकडा सापडणे कठीण.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या मुले व कुटुंबे कायद्याने हे काम तेथील स्थानिक कौन्सिलकडे दिले. ज्या मुलाला जास्त मदत लागते त्याची शिक्षण, आरोग्य व देखभाल अशी एकच योजना कौन्सिल तयार करते. गरज असल्यास ती पंचविसाव्या वर्षापर्यंत चालते व दरवर्षी तिची फेरतपासणी होते. मूल नववी इयत्तेत, म्हणजे तेरा-चौदा वर्षांचे असतानाच मोठेपणीची तयारी त्या तपासणीत धरावी लागते. तेथे सारे आलबेल आहे असे नाही. कौन्सिलशी भांडत पालक न्यायाधिकरणापर्यंत जातात. परंतु भांडायचे कोणाशी, हे तरी त्यांना माहीत असते.

आता डॉक्टर म्हणून थोडे. शाळा सुटते तेव्हा शिक्षणाबरोबर बरेच काही सुटते. शाळेत मिळणारा व्यायाम व वाचा-उपचार थांबतात. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचे स्नायू आखडू लागतात. दिवसभर घरात बसल्याने वजन वाढते, शिकलेली कामे विसरली जातात, आणि सकाळी शर्टाची बटणे स्वतः लावणारा मुलगा वर्षभराने आईपुढे हात पसरून उभा राहतो. पुष्कळ पालक मग "हल्ली फार चिडतो" म्हणून झोपेचे औषध मागतात. मी आधी दात पाहतो, कान पाहतो, बद्धकोष्ठ आहे का विचारतो. ज्याला बोलून सांगता येत नाही त्याची दाढदुखी चिडण्यातूनच दिसते. डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची तपासणी वर्षातून एकदा करावी. फिट्सचे औषध लहानपणच्या वजनाप्रमाणे चालू असेल तर मात्रा पुन्हा ठरवावी लागते. मुलीला सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असेल तर वयात येतानाच तज्ज्ञांशी बोलावे, कारण पुढे गर्भारपणात त्याचा बाळाला धोका असतो. औषध मनाने बंद मात्र करू नये.

पालकांनी तयारी अठराव्या वर्षाची वाट न पाहता चौदा-पंधराव्या वर्षीच सुरू करावी. लहानपणचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र बहुधा मुदतीचे असते. ते व यूडीआयडी कार्ड काढून तारीख पाहावी. प्रवेशाच्या आदल्या दिवशी मुदत संपल्याचे कळले तर जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत वर्ष जाते. मूल दहावीला बसणार असेल तर सवलतींचा अर्ज शाळेमार्फत वेळेत द्यावा. केंद्राच्या सूचनांप्रमाणे लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. पुढे शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्क्यांवरील अपंगत्वासाठी ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयात ५ वर्षांची सूट आहे. ज्यांना पुस्तकी शिक्षण झेपत नाही त्यांच्यासाठी कर्मशाळा असतात. त्यांची चौकशी विशेष शाळेच्या शिक्षकांकडे करावी. जवळची कोठे आहे आणि जागा आहे का, हे त्यांना कार्यालयापेक्षा लवकर कळते.

आणखी एक कायदेशीर बाब पुष्कळांना शस्त्रक्रियेच्या वेळीच कळते. अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. अंध, कर्णबधिर किंवा केवळ वाचन-लेखनाची अडचण असलेल्या मुलांना हे लागू नाही. आपले निर्णय ती स्वतः घेतात, आणि त्यांना ते घेऊ द्यावेत.

राहिला पैशाचा प्रश्न. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. ती बहुतेक वेळा वर्षअखेरीस घाईने वाटली जाते. थोडी थोडी रक्कम हाती येते आणि संपते. त्याऐवजी चार गावांनी मिळून कर्मशाळेपर्यंत गाडीची सोय मागितली तर मुले रोज घराबाहेर पडतील. ज्यांनी पत्र लिहिले त्यांनी गावातील अशी आणखी दोन-तीन घरे गाठावीत व ग्रामसभेच्या आधी एकत्र अर्ज द्यावा. त्यात मुलांची वये, अपंगत्वाचा प्रकार, शाळा कधी सुटली आणि नेमके काय हवे, एवढेच लिहावे. अर्जाची पोच शिक्का व तारखेसह घ्यावी.