चक्र फिरते, चाक फिरत नाही

जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली पिकअप गाडी माळशेज घाट उतरू लागली, म्हणजे चालकाचे दोन्ही हात चक्रावर खिळून राहतात. एका बाजूस उभा कडा, दुसऱ्या बाजूस दरी आणि गाडीच्या पाठीवर टनाहून अधिक ओझे. अशा वेळी चालक चक्र जेवढे फिरवील तेवढेच, आणि त्याच क्षणी, पुढचे चाक वळले पाहिजे. गाडी नवी असते तोवर याचा कोणी विचारही करीत नाही. परंतु पंधरा-वीस वर्षे ओझी वाहिलेल्या गाडीत निराळाच अनुभव येऊ लागतो. चक्र चार बोटे डावीकडे फिरवले तरी गाडी सरळच जाते. आणखी थोडे फिरवले की एकदम वळते. सपाट, सरळ रस्त्यावरही तिला सारखे सावरून धरावे लागते. गॅरेजमध्ये या दोषाला ‘स्टेअरिंगला प्ले आला’ असे म्हणतात.

हाताला जाणवणारा हा दोष हाताजवळच असतो असे नाही. चक्र आणि चाक यांच्यामध्ये बरीच मोठी साखळी असते. चक्राच्या मध्यातून निघालेला दांडा खाली एका ओतीव लोखंडाच्या पेटीत शिरतो. हा स्टेअरिंग बॉक्स. जुन्या पिकअप गाड्यांत बहुधा आढळणाऱ्या पेटीत त्या दांड्याच्या टोकाला आटे असतात. आट्यांतून पोलादी गोळ्या घरंगळतात आणि त्या गोळ्यांवर बसलेला एक ठोकळा पुढेमागे सरकतो. ठोकळ्याचे दाते दुसऱ्या एका दातेरी आसाला फिरवतात. त्या आसाच्या बाहेरच्या टोकाला एक लोखंडी हात लोंबत असतो. त्याचे नाव पिटमन आर्म. चक्राचे फिरणे येथे झुलण्यात बदलते. झुलणाऱ्या हाताला जोडलेली ड्रॅग लिंक नावाची दांडी एका चाकाला वळवते, आणि टाय रॉड नावाची दुसरी लांब दांडी ते वळणे पलीकडच्या चाकापर्यंत पोहोचवते.

पुढचे प्रत्येक चाक स्वतःच्या खिळीवर वळवण्याची ही कल्पना मोटारीपेक्षाही जुनी आहे. म्यूनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर याने ती १८१७ साली घोडागाडीसाठी योजली. इंग्लंडमध्ये तिचे पेटंट रुडॉल्फ आकरमान याने १८१८ मध्ये घेतले, आणि पुढे नाव राहिले ते पेटंट घेणाऱ्याचे!

मनुष्याच्या खांद्यात जसा उखळीचा सांधा असतो, तसेच सांधे या दांड्यांच्या टोकांना असतात. उखळीत पोलादी गोळा बसवलेला, आत ग्रीस आणि वर रबरी टोपी. टोपी फाटली की पावसाचे पाणी आणि रस्त्यावरची धूळ आत शिरते, ग्रीस निघून जाते व गोळा झिजू लागतो. ही झीज किती होते? एखादा मिलिमीटर. एवढ्याने काय बिघडणार, असे वाटणे साहजिक आहे. पण हिशेब करून पाहावा. पिटमन आर्मची लांबी १५ सेंटिमीटर धरली, तर दांडीच्या टोकाचा १ मिलिमीटर ढिलेपणा भरून काढण्यास तो हात सुमारे ०.४ अंश फिरावा लागतो. जड गाडी थोड्या जोराने वळावी म्हणून पेटीची रचना अशी केलेली असते, की चक्र सुमारे २० अंश फिरवावे तेव्हा हा हात १ अंश फिरतो. म्हणजे ०.४ अंशांसाठी चक्र ८ अंश फिरवणे आले. चक्राचा व्यास ४० सेंटिमीटर असेल, तर त्याच्या कडेवर हे अंतर जवळजवळ पावणेतीन सेंटिमीटर भरते. जी पेटी चालकाचा जोर वाढवते, तीच झीजही वाढवून त्याच्या हातात देते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९८ व्या नियमाने चक्रावरील ढिलेपणाला ३० अंशांची मर्यादा घातली आहे. वरच्याच चक्रावर ती साधारण साडेदहा सेंटिमीटर होते. तेथवर ढिलेपणा वाढू द्यावा असा मात्र त्याचा अर्थ नव्हे.

पेटीच्या झाकणावर एक लहानसा स्क्रू असतो आणि त्यावर चेक नट घट्ट बसवलेला असतो. स्क्रू पिळला की पेटीतील दाते एकमेकांच्या जवळ येतात आणि चक्राचा ढिलेपणा कमी भासतो. घाईचा कारागीर गाडी पाहताच तोच पिळतो. दोन मिनिटांचे काम. चालकही खूश होतो. परंतु गाडीचा बहुतेक प्रवास सरळ होत असल्यामुळे दात्यांची झीज मधोमध अधिक आणि दोन्ही टोकांना कमी झालेली असते. मधली झीज भरून निघेपर्यंत स्क्रू पिळला, की वळणावर दाते एकमेकांत आवळले जातात. मग घाटातील वळण संपले तरी चक्र आपोआप सरळ होत नाही. ते ओढून सरळ करावे लागते. शिवाय दोष मुळात ड्रॅग लिंकच्या सांध्यात असेल, तर तो जागच्या जागीच राहतो. तो वाढता वाढता एखाद्या दिवशी गोळा उखळीतून निसटला, तर चक्र हातात गरगर फिरते आणि चाके मात्र आपल्याच वाटेने जातात.

म्हणून जाणता मिस्त्री प्रथम पान्याला हात लावीत नाही. तो टायरांतील हवा पाहतो, कारण हवा कमी असली तरी गाडी अशीच डुलते. मग चाकांमागे ठोकळे लावून तो गाडी जमिनीवरच उभी ठेवतो. चाके उचलली, तर ती हलकेच फिरतात व सांध्यांतील ढिलेपणा लपून जातो. जमिनीवर गाडीचे वजन चाकांना धरून ठेवते आणि झिजलेला सांधा उघडा पडतो. मदतनीस चालकाच्या जागी बसून चक्र थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे हालवीत राहतो. पॉवर स्टेअरिंग असेल तर त्या वेळी इंजिन चालू ठेवावे लागते. मिस्त्री साखळीच्या वरच्या टोकापासून एकेक कडी पाहत खाली येतो. पेटीत जाणारा दांडा फिरतो, पण पिटमन आर्म हालत नाही, तर दोष पेटीत. पेटीच चॅसीवर सरकते, तर तिचे बोल्ट ढिले किंवा चॅसीला चीर. आर्म हालतो पण दांडी उशिरा हालते, तर त्या दोहोंमधला सांधा झिजलेला. जे डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळते, म्हणून तो प्रत्येक सांध्यावर हात ठेवून पाहतो. सांधा चांगला असेल, तर दोन्ही भाग एकदमच हालतात. झिजला असेल, तर आत बारीकसा ठोका बसतो.

एवढे झाल्यावरच पुढचे चाक जॅकने उचलतात. नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता अ‍ॅक्सलखाली भक्कम स्टँड लावतात. वर आणि खाली धरून चाक हालवले आणि ते डगमगले, तर चाकाचे बेअरिंग ढिले असेल किंवा चाक ज्याच्यावर वळते ती किंग पिन झिजली असेल. या दोहोंतील नेमके कोणते, हे ओळखण्याची युक्ती सुरेख आहे. मदतनीसाने ब्रेक दाबून धरावा. डगमग थांबली, तर दोष बेअरिंगचा. तशीच राहिली, तर किंग पिनचा. ब्रेक चाकाला त्याच्या आधाराशी बांधून टाकतो व बेअरिंगला हालायला वाव उरत नाही, परंतु किंग पिन त्या आधाराच्याही पलीकडे असते.

दोषी सांधा सापडला म्हणजे तो बदलतात, नटाला नवी स्प्लिट पिन घालतात आणि पुढच्या दोन्ही चाकांचे अलाइनमेंट तपासून घेतात. आरंभी चक्राच्या कडेवर खडूने केलेल्या खुणा आता पुन्हा उपयोगी पडतात. ढिलेपणा ९ सेंटिमीटरांवरून २ वर आला, तर पेटीला हात लावण्याचे कारणच उरत नाही. काढलेला सांधा बाकावर पडलेला असतो. तो उचलून हालवला, तर आतला गोळा खुळखुळ्यासारखा वाजतो. आणि फाटक्या टोपीतून ग्रीसऐवजी रस्त्यावरची तांबडी माती गळते.