पाणी कमी नव्हतं, अडकलं होतं

घरातलं वॉश बेसिन चाकावर घडत नाही. चिनी मातीचा दाट घोळ प्लास्टरच्या साच्यात ओततात. कारखान्यात त्याला 'स्लिप' म्हणतात. साचा पाणी शोषतो आणि आतून मातीचा थर धरतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी हौदातली स्लिप घट्ट झाली, तेव्हा मी आमटीत घालावं तसं तीत बादलीभर पाणी ओतलं. स्लिप वाहिली, पण वाळताना माल जास्त आकसला आणि त्या पाळीची बहुतेक बेसिनं तडकली. आमचे जुने कारागीर काका म्हणाले, "अरे, पाणी कमी नव्हतं, अडकलं होतं."

अगदी खरं होतं ते. मातीचे कण पापुद्र्यासारखे चपटे असतात. सपाट बाजूंवर ऋण विद्युतभार, तर कडांवर बऱ्याचदा धन. कडा बाजूंना चिकटतात, पत्त्यांचा बंगला उभा राहतो आणि त्यात पाणी कोंडतं. थोडं सोडियम सिलिकेट घातलं, की कडाही ऋण होतात. कण एकमेकांना दूर ढकलतात, बंगला कोसळतो, पाणी सुटं होतं. कोरड्या मातीच्या वजनाच्या अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी सिलिकेट बहुधा पुरतं.

पण हात सैल सुटला तर? कणांमधली ओढ कायमच असते. सोडियमची गर्दी झाली, की ढकलण्याचा पल्ला आखडतो, ओढ जिंकते आणि स्लिप पुन्हा घट्ट होते. या रस्सीखेचीचं गणित देर्यागिन आणि लँडाऊ यांनी १९४१ मध्ये, तर व्हेरवे आणि ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये मांडलं.

तेव्हापासून हौदापाशी मी आधी तराजू मागतो, बादली नंतर.