धार काढणाऱ्याचा ताप

मुंबईच्या भरवस्तीतल्या म्हशी उचलून शहराबाहेर नेल्याशिवाय लोकांना चांगले दूध मिळणार नाही, हे मुंबईचे तेव्हाचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी ओळखले होते. गोरेगावच्या डोंगरउतारावर १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे १२८७ हेक्टर जमीन, तीसेक युनिटे, हजारो म्हशी आणि दूध तापवून जंतुमुक्त करणारी डेअरी, असा तो पसारा होता. खुरोडींना १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मिळाला, तो रास्तच होता. दुधातून पसरणाऱ्या आजारांपासून या शहरातल्या कित्येक पिढ्या वाचल्या.

पण दूध यंत्रात जाण्याआधी एका माणसाच्या हातातून जाते. त्या माणसाला कोणते आजार होतात, हा प्रश्न तेव्हाच्या योजनेत नव्हता आणि आजही कोणाच्या खात्यात नाही.

आरे, जोगेश्वरी, मालाड, कांदिवली या पट्ट्यातल्या तबेल्यांत काम करणारे बहुतेक गडी उत्तर प्रदेशातले. राहणे-झोपणे गोठ्याच्या माळ्यावर किंवा लगतच्या खोलीत. पहाटेच्या अंधारात धारा सुरू होतात. म्हशीची धार जड, त्यामुळे अंगठा मुडपून काढायची सवय. वर्षानुवर्षांच्या या कामाने अंगठ्याच्या पेरावर घट्टे पडतात आणि त्यांच्या कडेने भेगा. पाय बहुधा अनवाणी, फरशीवर शेण, मूत आणि धुण्याचे पाणी यांचा चिकचिकाट. धार चालू असतानाच शेजारची म्हैस मुतते, शेपटी झटकते, तोंडावर शिंतोडे उडतात. गडी खांद्यावरच्या गमछाने तोंड पुसतो आणि काम पुढे चालू ठेवतो.

लेप्टोस्पायराला आत शिरायला एवढी वाट पुरते. हा मळसूत्रासारखा पीळदार जंतू जनावराच्या मूत्रपिंडात महिनोन्‌महिने राहतो. जनावर वरून धडधाकट दिसते आणि लघवीतून जंतू सोडत राहते. भिजून मऊ झालेली कातडी, भेग, डोळ्यांचा ओलावा, कुठूनही तो आत जातो. साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, लाल डोळे. काहींना कावीळ होते, मूत्रपिंडे बंद पडतात, फुप्फुसात रक्तस्राव होतो.

मुंबईकरांना लेप्टो हे नाव २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर पाठ झाले. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पुढच्या आठवड्यांत रुग्णसंख्या आधीच्या वर्षांच्या अनेक पटींनी वाढली. २०१५ च्या पावसाळ्यात मालाड ते दहिसर या पट्ट्यात पुन्हा माणसे दगावली, तेव्हा उंदरांच्या जोडीने गुरे आणि कुत्रीही तपासावी लागली. आपल्या मनात मात्र लेप्टो म्हणजे उंदीर आणि तुंबलेले पाणी, एवढेच पक्के बसले आहे. तबेल्यातल्या गड्यासाठी तुंबलेले पाणी बारमाही आहे. दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्यांत तबेल्यांचे शेण-मूत वाहत जाते, त्यावर वर्तमानपत्रांत रकाने भरतात. त्याच शेणात दिवसभर पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाची बातमी क्वचितच होते.

न्यूझीलंडमध्ये हाच आजार गोठ्यात काम करणाऱ्यांचा ताप म्हणूनच ओळखला जाई. तिथे १९८० च्या आसपास गाईंना लेप्टोची लस देणे सुरू झाले आणि गोपालकांमधली रुग्णसंख्या झपाट्याने उतरली. जनावर सांभाळले की माणूस सांभाळला जातो, याचा इतका सरळ पुरावा दुसरा मिळणे कठीण.

दुसरा आजार अधिक चोरटा आहे. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये माल्टा बेटावर सैनिकांच्या तापाचा जंतू शोधला, बर्नहार्ड बांगने १८९७ मध्ये डेन्मार्कमध्ये गाई गाभडण्यामागचा जंतू शोधला. दोन्ही एकाच कुळातले आहेत, हे अमेरिकेच्या अ‍ॅलिस इव्हान्सने १९१८ मध्ये दाखवले, तेव्हा भल्याभल्यांनी तिला वेड्यात काढले. १९२२ मध्ये प्रयोगशाळेतच तिला लागण झाली. पुढची वीसेक वर्षे तो ताप उलटत राहिला आणि सुरुवातीला तर तिचे दुखणे मनाचे आहे असे ठरवले गेले. हा आजार म्हणजे ब्रुसेलोसिस.

गाभण म्हशीच्या गर्भाशयात हा जंतू प्रचंड वाढतो. शेवटच्या काही महिन्यांत म्हैस गाभडते, वार अडकते. अशा वेळी पशुवैद्य येईपर्यंत कोण थांबणार? गडी बाही सरसावून कोपरापर्यंत हात आत घालतो. त्या वारेत, त्या पाण्यात जंतूंची अमाप गर्दी असते, आणि हातावर भेगा असतात. त्यात धारोष्ण दुधाची भर. शहराला जे दूध तापवून मिळते, ते इथे ताकदीसाठी फेसासकट पोटात जाते.

मग महिनाभराने, कधी त्याहून उशिरा, चढउताराचा ताप येतो. रात्री घामाने अंथरूण भिजते, कंबर धरते, सांधे दुखतात, पुरुषांचे वृषण सुजतात. नाक्यावरचा डॉक्टर मलेरिया, टायफॉइड म्हणतो. कंबर फार दुखली तर मणक्याचा क्षय म्हणतो. क्षयाच्या औषधांतले रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालते, म्हणून ताप थोडा उतरतो आणि चुकीच्या निदानावर शिक्का बसतो. खरा उपचार सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि जोडीला रिफाम्पिसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन असा आहे. बरे वाटताच गडी मुलखाला निघून जातो, गोळ्या अर्ध्यावर सुटतात, ताप परत येतो. ‘काम काय करता?’ एवढा एक प्रश्न डॉक्टरने विचारला, तर निम्मे काम होईल असे मला ठामपणे वाटते.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. लाळ-खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिसही त्यात घेतला गेला. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरा-पारड्यांना एकदा लस, कानात बारा आकडी बिल्ला, संगणकावर नोंद. योजना चांगली आहे, पण मुंबईच्या तबेल्याची रीत तिच्यात बसत नाही. इथला मालक सहसा पारडी वाढवत नाही. तो गुजरात-हरियाणातून ताजी व्यालेली म्हैस आणतो, आटली की भाकड म्हणून काढून टाकतो आणि दुसरी बांधतो. म्हणजे दावणीला सतत नवे जनावर, नव्या गावचे, नव्या बाजारातले. तिला लहानपणी लस मिळाली होती की नाही, हे तिच्या जन्मगावावर अवलंबून. मुंबईत शिरताना प्रत्येक म्हशीच्या रक्ताची तपासणी सक्तीची केली तरच ही साखळी इथे तुटेल.

ती तपासणी अवघडही नाही. काचेवर रक्तद्रवाचा एक थेंब, त्यावर गुलाबी द्रावणाचा एक थेंब, चार मिनिटे हलवायचे. गुठळ्या दिसल्या की संशय पक्का, पुढची चाचणी करायची. ही रोज बंगाल चाचणी जनावरासारखीच माणसालाही चालते. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा गोरेगावचा परिसर आरे वसाहतीतच आहे. म्हशींचे नमुने घ्यायला माणसे जातील त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्याने गड्यांचेही नमुने घ्यावेत. कोपरापर्यंतचे हातमोजे आणि गमबूट यांचा खर्च एका म्हशीच्या किमतीपुढे काहीच नाही. तो मालकाने सोसायलाच हवा.

कायद्यानेही ही जबाबदारी केव्हाच ओळखली आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांची यादी होती आणि जनावरे हाताळण्याच्या कामातून होणारे संसर्गजन्य आजार तिच्यात नोंदलेले होते. भरपाई मागायची तर आजाराचे नाव कागदावर हवे, आणि हा माणूस त्या गोठ्यात कामाला होता याचा पुरावा हवा. तबेल्यातल्या गड्याचे नाव हजेरीपटावर नसते आणि त्याच्या केसपेपरवर ‘ताप’ एवढेच लिहिलेले असते.