वेब सर्व्हर उपलब्धता देखरेख

वेब सर्व्हर उपलब्धता देखरेख म्हणजे एखाद्या संकेतस्थळाचा सर्व्हर चालू आहे की नाही, आणि चालू असल्यास तो विनंतीला योग्य उत्तर देतो की नाही, हे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ठरावीक कालांतराने तपासत राहणे होय. व्याख्येतील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. सॉफ्टवेअर निवडताना होणाऱ्या बऱ्याच चुका त्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

मोजमाप

उपलब्धता टक्क्यांत सांगण्याची प्रथा आहे. ९९ टक्के हा आकडा ऐकण्यास उत्तम वाटतो. प्रत्यक्षात त्यात वर्षाकाठी साडेतीन दिवसांहून अधिक काळ सर्व्हर बंद राहू शकतो. ९९.९ टक्क्यांत ही सवलत सुमारे पावणेनऊ तास, तर ९९.९९ टक्क्यांत सुमारे ५३ मिनिटे असते. दर पाच मिनिटांनी तपासणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन तपासण्यांच्या मधला तीन-चार मिनिटांचा खंड दिसतच नाही. म्हणून त्याने दाखवलेली ९९.९९९ टक्के उपलब्धता, म्हणजे वर्षाला जेमतेम पाच मिनिटांचा खंड, विश्वासार्ह मानता येत नाही.

तपासणीचे स्वरूप

सर्वांत साधी तपासणी ‘पिंग’ ही आहे. माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेली ही आज्ञावली यंत्र जाळ्यावर पोहोचण्याजोगे आहे एवढेच सांगते. यंत्र जागे असूनही त्यावरील वेब सर्व्हर बंद पडलेला असू शकतो. यासाठी एचटीटीपी विनंती पाठवून उत्तराचा संकेतांक पाहतात. २०० म्हणजे यशस्वी, ५०० वा ५०३ म्हणजे सर्व्हरकडील बिघाड. मात्र विदागाराशी संपर्क तुटल्यावरही काही संकेतस्थळे त्रुटीचा संदेश २०० याच संकेतांकासह पाठवतात. त्यामुळे पानावर अपेक्षित मजकूर आहे का, हे तपासण्याची सोय असलेले सॉफ्टवेअर निवडणे हिताचे ठरते. टीएलएस प्रमाणपत्राची मुदत संपण्यापूर्वी सूचना मिळणेही तितकेच आवश्यक आहे, कारण मुदत संपलेल्या प्रमाणपत्रामुळे सर्व्हर धडधाकट असूनही वाचकाला न्याहाळकाचा धोक्याचा इशाराच दिसतो.

तपासणीचे ठिकाण

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या सेवा सुमारे सहा तास बंद होत्या. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीच्या विदाकेंद्रांना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. परिणामी तिच्या डीएनएस सर्व्हरांनी स्वतःपर्यंतचे मार्ग जाहीर करणे थांबवले आणि ते जगाला दिसेनासे झाले. बिघाड शोधण्यासाठी अभियंते वापरत असलेली साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने निकामी झाली. ज्यावर लक्ष ठेवायचे त्याच यंत्रावर वा जाळ्यावर पहारेकरी बसवू नये, हे यातून स्पष्ट होते. इशारा पाठवण्याचा मार्गही स्वतंत्र हवा. मेल सर्व्हर त्याच यंत्रावर असेल तर बिघाडाचा ईमेल कधीच निघणार नाही.

प्रमुख मुक्त स्रोत पर्याय

ईथन गॅलस्टॅड यांनी १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ या नावाने प्रसिद्ध केलेले सॉफ्टवेअर पुढे ‘नागिओस’ झाले. त्यातूनच २००९ मध्ये ‘आयसिंगा’ हा स्वतंत्र प्रकल्प निघाला. लाटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव यांचे ‘झॅबिक्स’ आलेखांसह एकसंध मिळते. साऊंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेले ‘प्रोमिथियस’ मुळात मोजमापे गोळा करण्यासाठी आहे. बाहेरून संकेतस्थळ तपासण्यासाठी त्याला ‘ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर’ जोडावा लागतो. एकदोन संकेतस्थळांसाठी ही साधने अंमळ जडच. तेथे ‘अपटाइम कुमा’सारखे छोटे साधन किंवा बाहेरची तयार सेवा पुरेशी असते.

खोटे इशारे

वारंवार खोटे इशारे आले की माणसे खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतात. नागिओस यासाठी अपयशाची ‘मृदू’ आणि ‘कठोर’ अशी विभागणी करते: ठरवलेल्या संख्येइतक्या तपासण्या लागोपाठ फसल्यावरच अवस्था कठोर मानली जाते आणि सूचना निघते. अर्थात, फेरतपासण्या वाढवल्या की सूचनेस विलंब होतो. देखरेख करणारे सॉफ्टवेअरच बंद पडले तर मात्र कोणताही इशारा येत नाही. त्यामुळे काही व्यवस्थांत ते दुसऱ्या एका सेवेकडे नियमितपणे ‘मी चालू आहे’ असा संकेत पाठवते, आणि तो संकेत थांबताच ती सेवा इशारा देते.