मंदगति मोटारीची शर्यत

‘ग्रॅन टुरिझ्मो ४’ ह्या २००४ सालच्या पडद्यावरील खेळांत टोयोटाची प्रियस घेऊन शर्यतींत उतरणें म्हणजे तट्टावर बसून अरबी घोड्यांशीं झुंजणें, असें पोरें म्हणतात. खरेंच आहे तें! ह्या गाडींत पेट्रोलचें एंजिन व विजेची मोटर यांची जोडी आहे. हेतु इंधन वाचविण्याचा, धांवण्याचा नव्हे. एकदां गमावलेला वेग तिला लौकर परत मिळत नाहीं. म्हणून आधीं वजन घटवावें, मऊ टायर घालावे. शक्तीचा विचार मागाहून. पुढचींच चाकें गाडी ओढतात आणि वळवितातही. त्यांच्यावर दोन्हीं भार एकदम टाकले, कीं गाडी वळणाबाहेर सरकते. यास्तव ब्रेक सरळ रेषेंतच लावून घ्यावा, वळणाची आंतली कड गांठावी, मगच वेगाची कळ दाबावी. पायरीपायरीचे गिअर हिला नाहींतच. तेवढें लक्ष पुढल्या वळणाकडे द्यावें.