जखम भरायला नऊ दिवस उशीर

‘टेन्शन घेऊ नकोस गं!’ किती सहज म्हणतो आपण एकमेकींना. जसं काही टेन्शन दुकानातून आणलंय आणि नको असेल तर परत करता येतं! म्हणणारीचा हेतू चांगलाच असतो. पण त्यामागे एक समजूतही असते, की हे सगळे मनाचे खेळ, शरीराला त्याचं काय? या समजुतीला धक्का देणारा एक अगदी साधा प्रयोग १९९५ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात भाग घेतलेल्या सगळ्या बायकाच होत्या.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांचे पती, रोगप्रतिकारशक्तीचे अभ्यासक रोनाल्ड ग्लेसर. या जोडप्यानं वर्षानुवर्षं ताणाचाच अभ्यास केला. या प्रयोगासाठी त्यांनी १३ बायका निवडल्या, साधारण साठीच्या. प्रत्येकीच्या नात्यातल्या कुणाला तरी स्मृतिभ्रंश झालेला आणि त्या माणसाचं सगळं करणारी हीच. हे ‘करणं’ काय असतं, ते ज्या घरात झालंय तिथंच कळतं. तोच प्रश्न दिवसातून वीसदा. रात्री दाराची कडी काढून माणूस बाहेर पडेल म्हणून कान जागे. आणि जिच्या हातून जेवायचं, तिलाच ‘तू कोण?’ म्हणून विचारायचं. पगार नाही, रजा नाही, आणि हे संपणार कधी तेही माहीत नाही.

तुलनेसाठी आणखी १३ जणी घेतल्या. वय आणि घरचं उत्पन्न तेवढंच, फक्त हे ओझं नसलेल्या. सगळ्यांच्या कोपराखाली हातावर साडेतीन मिलिमीटरची, म्हणजे मसुराच्या दाण्यापेक्षाही लहान, जखम केली आणि ती किती दिवसांत भरते ते पाहिलं. पाहायची रीतही घरगुती वाटावी अशी. जखमेचे फोटो काढायचे आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं. फेस आला की जखम अजून ओली. फेस थांबला की भरली.

ज्यांच्यावर ओझं नव्हतं त्यांची जखम सरासरी ३९.३ दिवसांत भरली. सेवा करणाऱ्यांना लागले ४८.७ दिवस. एवढ्याशा जखमेला नऊ दिवस जास्त! त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुरुस्तीचं काम सुरू करणारं एक रसायन, इंटरल्यूकिन-१ बीटा, कमी तयार करत होत्या. निरोपच उशिरा गेला तर गवंडी येणार कधी?

बायका २६ च, हे खरं. ‘वयाचा परिणाम असेल’ असंही कुणी म्हणेल. म्हणून १९९८ चा प्रयोग मला जास्त पटतो. त्यात दंतवैद्यकाचे ११ तरुण विद्यार्थी होते. प्रत्येकाच्या टाळूला एक जखम उन्हाळी सुट्टीत केली आणि दुसरी परीक्षेच्या तीन दिवस आधी. माणूस तोच, तोंड तेच. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला आणि अकरांत एकही अपवाद नाही.

२००४ मध्ये एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी ५८ आयांचा अभ्यास केला. ३९ जणींचं मूल दीर्घ आजारी होतं, बाकीच्यांचं धडधाकट. त्यांच्या पेशींमधले टेलोमिअर्स मोजले. गुणसूत्रांच्या टोकाला, बुटाच्या नाडीच्या टोकाला असते तशी ही टोपी असते आणि वयाबरोबर ती झिजते. (याच टेलोमिअर्सच्या कामासाठी ब्लॅकबर्न यांना २००९ चं नोबेल विभागून मिळालं.) गंमत म्हणजे, नुसतं ‘आजारी मुलाची आई’ आणि ‘निरोगी मुलाची आई’ असे गट केले तर फरक दिसला नाही. फरक होता तो सेवेची वर्षं किती आणि तिला स्वतःला ताण किती जाणवतो, यात. सर्वाधिक ताण सांगणाऱ्या आयांच्या पेशी कमी ताणाच्या आयांपेक्षा किमान दहा वर्षांनी थकलेल्या दिसल्या. एकदाच केलेल्या मोजणीतून ‘ताणामुळेच’ असं छातीठोक म्हणता येत नाही, पण दुर्लक्षही करता येत नाही.

आणि हे बायकांबद्दल इतक्या उशिरा का कळलं? शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हिशेब मांडला: १९९५ पूर्वी ताणाचा शरीरावरचा परिणाम तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत बायका होत्या जेमतेम १७ टक्के. पाळीच्या चक्रामुळे हार्मोन्स वरखाली होतात, आकडे नीट लागत नाहीत, म्हणून त्यांना सरळ वगळलेलं. म्हणजे स्वयंपाक चुलीवर आणि चव दुसऱ्याच घरची!

तुमच्याही घरी कुणाचं करावं लागत असेल आणि तुमचंच एखादं ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरांना बीपी-शुगरबरोबर हेही सांगा. आणि दीर-नणंदेला ‘जमलं तर या’ असं मोघम न म्हणता वार सांगा, वेळ सांगा: ‘शनिवारी रात्री आठला या, रविवारी जेवूनच जा. रात्रीच्या गोळ्या डब्यात काढून ठेवते.’